उपाशी पोटीची गोळी

मारायचीही ज्याची त्याची एक पद्धत असते. माझ्या नवऱ्याची पद्धत मला पाठ होती. उजव्या हाताची उलटी चापट, डाव्या कानशिलावर, एकदाच. मग तो चपला पायात सरकवून वाडीत निघून जायचा, मोटर चालू करायचा आणि तासाभराने जेवायला यायचा, जणू मधे काही घडलंच नाही. बावीस वर्षांच्या संसारात असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असलं की माणूस भीतीलाही सरावतो. मी सरावले होते, आणि त्याची मला आज लाज वाटते.

तोंडाने मी त्याला 'तुम्ही' सोडून कधी बोलले नाही. इथे कागदावर मात्र 'तो' म्हणणार आहे. एवढी मोकळीक माझी मी घेतली आहे.

आमचं गाव आदिलाबादहून तलमडुगूकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. कोरडवाहू काळ्या रानात कापूस आणि ज्वारी, आणि विहिरीजवळ दीड एकर भाजीपाला, त्याला आम्ही वाडी म्हणतो. वांगी, टमाटे, मेथी, भेंडी. सकाळी तोडायचं आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन बसायचं. माझं माहेर किनवटकडचं, मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेली. मुलगी मुधोळला दिली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. शेजारी भिंतीला भिंत लावून त्याच्या थोरल्या भावाचं घर. थोरला म्हणजे माझा भासरा, आणि भासऱ्यासमोर आमच्याकडे बाई बोलत नाही. डोक्यावर पदर, तोंड दुसरीकडे, आणि सांगायचंच झालं तर मधे कुणीतरी हवं. कुणीच नसलं तर म्हशीला सांगायचं: पाहुणे आले म्हणा, दार उघडं आहे म्हणा. भासरा ऐकून घेतो. मी बावीस वर्षं त्या माणसाशी म्हशीमार्फत बोलले आहे. हसायची गोष्ट आहे, पण पुढे याच रीतीने घात केला.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या लघवीतून रक्त गेलं. एक किडनी काढावी लागली. ती काढून घरी आणला तर फोटोत फुफ्फुसावर ठिपके निघाले. हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता जुनं केमो नाही, नवं औषध आहे, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं. केस जाणार नाहीत, उलट्या होणार नाहीत. हे औषध रोगाला मारत नाही, शरीराच्या आतली फौज मोकळी सोडतं आणि ती फौज रोगाला मारते. पण मोकळी सुटलेली फौज कधी कधी आपल्याच घरात घुसते, हेही त्यांनी सांगितलं. आतड्यात, कातडीत, गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीत. "घर में कुछ भी फ़र्क़ दिखे तो बताना," असं ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मी मान हलवली. भासरा शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता.

दोन सलाईन झाल्या आणि घरातला माणूस बदलायला लागला. भूक अशी की चार भाकरी खाऊन पाचवी मागायचा, तरी पँट कमरेवरून उतरायची. श्रावणातल्या गार हवेत घामाने सदरा चिंब. चहाची बशी हातात धरली की थरथरून अर्धा चहा जमिनीवर. पाणी द्यायला जवळ गेले की गळ्याची शीर उडताना दिसायची. झोप नाही. अंगणात येरझाऱ्या घालायचा, स्वतःशीच शिव्या द्यायचा.

मग म्हशीचं झालं. धार काढताना तिने पाय झाडला आणि बादली कलंडली. असं शंभरदा झालं असेल, तो फार तर तिच्या पाठीवर थाप मारायचा. त्या दिवशी कुडाला टेकवलेली पहार त्याने उचलली आणि तिच्या तोंडावर घातली. मग पुन्हा. दावं बांधलेलं, ती जाणार कुठे. ती हंबरत नव्हती, घशातून काहीतरी वेगळंच काढत होती. मी पहारीला लटकले तेव्हा त्याने मला पहारीसकट गव्हाणीवर भिरकावलं. म्हशीचा डावा डोळा गेला. संध्याकाळी त्याने पाच भाकऱ्या खाल्ल्या.

तिसऱ्या सलाईनला आम्ही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काही बदल? माझ्या ओठांवर सगळं होतं. भूक, घाम, थरथर, म्हशीचा डोळा. भासरा म्हणाला, "कुछ नहीं साहब, सब ठीक." डॉक्टरांनी विचारलं, चिडचिड? भासरा हसला. "ये तो पहले से ही गरम है." डॉक्टरही हसले आणि लिहायला लागले. मी पदराचं टोक दातात धरून खिडकीतून खालचा रस्ता पाहत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. दवाखान्यात म्हैस नव्हती, म्हणून ते बोललं गेलं नाही. एवढ्याशा अदबीपायी पुढचं सगळं घडलं. दुसऱ्याला दोष देण्याआधी मी तो स्वतःला देते.

त्या आठवड्यात बाजारात एका गिऱ्हाइकाने मेथीची जुडी हातात घेऊन नाक मुरडलं. वाळकी आहे म्हणाला. नवऱ्याने तराजूतलं किलोचं वजन उचललं आणि फेकलं. कपाळ फुटलं, माणूस मेथीवर आडवा झाला, हिरव्यावर लाल असं ओघळ धरून वाहायला लागलं. लोक धावले. नवरा दुसरं वजन शोधत होता. चार हमालांनी त्याला धरला तेव्हा त्याने एकाच्या दंडाचा चावा घेतला. मी त्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर माझा पदर दाबून बसले होते आणि मनात एकच, की बरं झालं, वजन माझ्याकडे आलं नाही.

आलंच. चार दिवसांनी. टमाट्याला आधार म्हणून रोवलेले बांबू तो एकेक उपटत चालला होता, झाडांसकट, हिरव्या फळांसकट. काऊन उपटून राह्यले, असं मी विचारलं. एवढंच. पहिला फटका पाठीवर बसला. मला वाटलं, झालं, आता चपला घालून जाईल. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला मी डोक्यावर हात धरला आणि कोपराच्या खाली हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, वाळली तुराटी मोडावी तसा. चौथा, पाचवा. मी सरीत पडले, तोंडात चिखल. त्याचे डोळे बाहेर आलेले, आणि तो मला ओळखत होता. हे मला नीट सांगायचं आहे. तो भ्रमिष्ट झाला नव्हता. मला माझ्या नावाने हाक मारत तो मारत होता.

चौथ्या खेपेला हातात प्लास्टर घालूनच हैदराबादला गेले. डॉक्टरांनी आधी माझा हात पाहिला, मग नवऱ्याचा. दोन्ही हात पुढे करायला लावले, त्यावर कागद ठेवला. कागद वाऱ्यावर असल्यासारखा हलत होता. नाडी मोजली, रक्त घेतलं आणि दुपारी निदान सांगितलं. फौज गळ्यात शिरली आहे. थायरॉइडला सूज येऊन तिच्यातला साठा एकदम रक्तात सांडला आहे. भूक, घाम, धडधड, थरथर, सगळं त्याचंच. धडधडीवर गोळी दिली. काही आठवड्यांत हे आपोआप उतरेल, आणि मग बहुतेक उलटं होईल, ग्रंथी रिकामी पडेल, माणूस मंद होईल, त्यालाही गोळी आहे. कॅन्सरचं औषध चालू ठेवता येईल. भासऱ्याने विचारलं, गुस्सा भी इसी से? डॉक्टर म्हणाले, "गुस्सा बढ़ता है इससे. हाथ उठाना अलग बात है." हे शेवटचं वाक्य भासऱ्याने हैदराबादलाच ठेवलं, गावात आणलं नाही.

गावात बैठक बसली ती भासऱ्याच्या अंगणात. कपाळाला टाके पडलेला तो माणूस आणि त्याचे दोन भाऊ आले होते, ठाण्यात जायचं म्हणत होते. भासऱ्याने दवाखान्याचे कागद बाजेवर पसरले आणि सांगितलं, "तो नव्हता जी तो. औषध होतं अंगात. डाक्टरनं लिहून देल्लं हाय." कागद इंग्रजीत, माणसं गरीब, कॅन्सर म्हटल्यावर कुणाचा आवाज चढेना. टाकेवाला स्वतःच म्हणाला, जाऊ द्या, मरायला टेकलेला माणूस. म्हशीचा डोळाही औषधाने गेला. माझा हातही औषधाने मोडला. मी दाराआड उभी होते. इथपर्यंत मला चाललं असतं.

पण मग नवरा बोलला. मान खाली घालून, बारीक आवाजात. "माह्या गळ्यात हे पयलेपासूनच असंन काई. म्हणून हात उठे." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जाऊबाई म्हणाली, बिचारा. बावीस वर्षांच्या सगळ्या चापटा त्या दुपारी गळ्यातल्या एका ग्रंथीवर लिहून मोकळ्या झाल्या, तिला सूज येऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला तितका सरीत चिखल खातानाही आला नव्हता.

दिवाळी झाली आणि डॉक्टर म्हणाले तसंच झालं. धडधड थांबली, भूक मेली. तो उन्हात शाल पांघरून बसायला लागला. चेहरा सुजला, डोळ्यांखाली पिशव्या, आवाज जाड आणि घोगरा. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मधे माझी अर्धी मेथी निवडून व्हायची. हैदराबादहून थायरॉइडची गोळी सुरू झाली, बारीक पांढरी, रोज सकाळी एक, बाटलीत शंभर.

आमच्याकडे उपाशी पोटी गोळी कुणी घेत नाही. पित्त होतं, चक्कर येते, आधी पोटात काहीतरी टाकायचं हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी ती घट्ट दुधाच्या चहाबरोबर द्यायची, सोबत हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी, सगळं एकाच वेळी, लक्षात राहावं म्हणून. पुढच्या खेपेला रक्तातला आकडा उतरला नव्हता. भासरा औषधं आणायला खाली गेलेला असताना नर्सने मला एकटीला गाठलं आणि तेलुगूत रागावली. "परगडुपुना, अम्मा." रिकाम्या पोटी. नुसत्या पाण्याने. तासभर चहा नाही, आणि कॅल्शियम तर दुपारनंतर. दुधाने आणि त्या दुसऱ्या गोळीने ही गोळी पोटातच अडते. आधी जे जास्त झालं होतं तेच आता कमी पडलं आहे, ते ही गोळी भरून काढते, असंही तिने समजावलं. चूक माझी होती आणि ती अजाणता झालेली होती. इथपर्यंत देवही मला काही म्हणाला नसता.

पण तिचं एक वाक्य माझ्या कानात बसलं. जे जास्त झालं होतं तेच ही गोळी भरून काढते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तळहातावर गोळी घेऊन मी चुलीपाशी उभी राहिले. तो बाजेवर बसलेला, पाण्याच्या गडव्याकडे पाहत. प्लास्टर निघालं होतं, पण हात वाकडा जुळलेला आणि थंडीत ठणकत होता. घरात किती शांत होतं. पहार कुडाला तशीच टेकलेली आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी भाजी करपवली तरी तो खायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात पाठमोरी होऊन काम करत होते. मी गोळी निखाऱ्यात टाकली आणि त्याच्या हातावर कॅल्शियमची गोळी ठेवली. त्याने ती पाण्याबरोबर गिळली. काही विचारलं नाही.

त्यानंतर रोज. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला बरं वाटायचं. जाऊबाई म्हणायची, तुझं तोंड उजळलं गं, नवरा एवढा आजारी आणि तू टवटवीत. मी म्हणायचे, वांगी चांगली आली यंदा.

पौषात एके सकाळी मी त्याला चहा दिला. त्याच्या बोटांना धग कळली नाही की हातच सुटला, कोण जाणे, कप माझ्या पायावर आला. चटका बसला आणि माझा हात गेला. उलटा, त्याच्या डाव्या कानशिलावर. हे मी कुठून शिकले ते सांगायला नको. तो बघत राहिला. गालावर माझी चार बोटं हळूहळू उमटली, आणि बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "काऊन मारलं वं?" चपला घालून वाडीत गेले, आणि मेथीच्या वाफ्यात उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी हसते आहे.

पुढच्या पंधरा दिवसांत मी त्याला पुष्कळदा मारलं. शाल नीट पांघरली नाही म्हणून. भाकरी सांडली म्हणून. एकदा तर काहीच नव्हतं, नुसता समोर बसला होता आणि मला सरीतला चिखल आठवला. चुलीजवळचं लाकडाचं ढलपं उचलून मी त्याच्या पाठीवर मारलं, दोनदा, तीनदा. तो बाजेवरून कलंडला, उठायचा प्रयत्न करत राहिला, आणि मी उठू दिलं नाही. माझ्या गळ्यात काही सुजलं नव्हतं. मला कुणी सलाईन लावलेली नव्हती. आणि मला ते आवडत होतं.

आमच्या भागातली थंडी साऱ्या तेलंगणात बदनाम आहे. त्या आठवड्यात ती उतरली तशी सगळे शेकोटीला चिकटले. एका सकाळी मी त्याला हलवलं तर तो उठेना. अंग दगडासारखं गार, जीभ सुजून दातांमधे आलेली, श्वास इतका लांब की एक झाला की पुढचा येईल का, याची वाट पाहावी लागत होती. मी गालावर मारलं, यावेळी जागा करायला. नुसती मान लवंडली. मी उघड्या डोक्याने जाऊबाईच्या दारावर जाऊन आदळले.

भासऱ्याने आटो आणला, आदिलाबादच्या दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरबाईने गरम पांघरुणं घातली, सुया लावल्या, आणि बाहेर येऊन विचारलं की थायरॉइडची गोळी चालू होती ना. भासरा हो म्हणायच्या आत मी तिचा कोट धरून तिला कोपऱ्यात ओढलं. हिंदीत सांगितलं, नाही. मी दिली नाही. महिना होऊन गेला. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या वाकड्या हाताकडे पाहिलं. पाठीवरचे ढलप्याचे वळ तिने आत पाहिलेच असणार. कागदावर तिने इतकंच लिहिलं की गोळी सुटली होती. मग हळू म्हणाली, "एक दिन और होता तो मर जाता." मला रडू आलं. तो वाचेल म्हणून आलं की मी खुनी झाले असते म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आणल्यावर मी गोळी नीट द्यायला लागले. उजाडताना, नुसत्या पाण्याबरोबर. पाणी दिलं की चार पावलं मागे सरायची. त्याची गालफडं उतरली, आवाज मोकळा झाला. पंधरवड्याने वाडीपर्यंत चालत गेला, महिन्याने फवारणीचा पंप पाठीवर घेतला. होळीनंतरच्या खेपेला फुफ्फुसावरचे ठिपके आकसल्याचं डॉक्टरांनी दाखवलं आणि थायरॉइडचा आकडाही दाखवला. एकदम बरोबर. "अब तो हम-तुम जैसा है," असं म्हणाले. भासऱ्याने गावात पेढे वाटले. आनंद मलाही झाला होता. माणूस जगला होता, आणि मी त्याला मारून टाकता टाकता राहिले होते.

पेढे संपायच्या आत त्याने मला मारलं. कैरीच्या लोणच्याची फोडणी करपली होती. तीच जुनी चापट, तीच जागा. मी गाल धरून उभी राहिले आणि तो दारातून बाहेर पडता पडता, अगदी सहज, टोपी घ्यावी तसं म्हणाला, "औषध हाय वं अंगात. काय करू म्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भासऱ्याच्या अंगणात चार माणसं बसलेली होती, नवराही होता. कापसाच्या बियाण्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेतला, गोळ्यांची बाटली घेतली आणि जाऊन त्यांच्यामधे उभी राहिले. पदर खांद्यावर होता. भासऱ्याने सवयीने तोंड वळवलं.

"इकडं पाहा दादा," मी म्हणाले. "म्या तुमच्याशीच बोलून राह्यली."

मी रिपोर्ट भासऱ्याच्या मांडीवर ठेवला. "आकडा वाचा. डाक्टर काय म्हणला थे बी सांगा."

त्याने कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बराबर हाय म्हणला."

"मंग काल यायनं मले मारलं थे कोणत्या औषधानं?"

नवरा जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. मला तिथेच थांबता आलं असतं. माझं काम झालं होतं, सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू वर होती. पण अर्धं बोलून घरी गेले असते तर उद्या सकाळी ती गोळी पुन्हा माझ्याच तळहातावर असती.

"आता माह्यं आयका," मी म्हणाले. "थंडीत हे मरून राह्यले होते थे म्या केलं. गोळी चुलीत टाकली, रोज. अन् मारलं बी. चापट मारली, लाकडानं मारलं, उठता येत नव्हतं तवा मारलं. माह्या गळ्यात काई नव्हतं, दादा. यायच्या गळ्यात काल काई नव्हतं. आमी दोघं एका छपराखाली राह्यलो तर आमच्यातलं एक जाईन. थे हेच असतीन, काऊन का गोळी माह्या हातात हाय. यायले तुमच्या घरी ठेवा. गोळी जाऊबाईच्या हातानं द्या. माह्या हातात देऊ नका."

भासरा माझ्याकडे पाहत होता. इतक्या वर्षांत मी त्याचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. घारे होते. त्याने भावाला विचारलं, "हे काय म्हणून राह्यली?"

नवऱ्याच्या हातातली काडी थांबली. वाटलं, आता उठेल. चार माणसांसमोर मारेल, आणि मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो उठला नाही.

"हाव," तो म्हणाला. "म्याच मारलं. काल बी, अन् पयले बी. औषधानं नाई."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आता ते आलं होतं, आणि मी पुढे काही म्हणणार तेवढ्यात त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. खरंच काहीतरी समजून घ्यायचं असल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता.

"पण म्या त रोज सकाळी हात पुढं करे वं," तो म्हणाला. "तू जे ठेवे, थे गिळे. पाह्य बी नाई काय हाय थे."

मी बाटली बाजेवर ठेवली आणि घरी आले.